लग्नातला बेंजो आणि 45 कोटींची गिटार: दोघांच्या पोटात एकच यंत्र आहे

हिंगोली असो, वसमत असो नाहीतर कळमनुरी. लग्नाची तिथी दाट असली की संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला असतो. पुढे ताशा, मागे जनरेटरची गाडी, गाडीवर भोंगे. आणि या गोंधळात एक माणूस लांबट लाकडी पेटीवर वाकून डाव्या हाताने बटणं दाबतोय, उजव्या हाताने तारा छेडतोय. दोन ओळी वाजल्या की पोरांना गाणं कळतं आणि रुमाल वर जातात.

हाच तो बेंजो. कुणी बँजो म्हणतं. त्याच्याकडे नीट बघायला वेळ कुणालाच नसतो, कारण सगळे नाचत असतात.

आता दुसरं दृश्य. जून 2020, अमेरिकेतला एक लिलाव. निर्वाणा या बँडचा गायक कर्ट कोबेन याने 1993 मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाजवलेली गिटार विकायला आली. मार्टिन कंपनीची, 1959 सालची, मॉडेल डी-18ई. ती गेली 60 लाख 10 हजार डॉलरला. तेव्हाच्या दराने साधारण 45 कोटी रुपये.

कोबेनचं नाव बाजूला ठेवलं तरी या गिटारीची गंमत शिल्लक राहते. डी-18ई हे मॉडेल कंपनीचा फसलेला प्रयोग होता. साध्या लाकडी गिटारीवर लोखंडी पिकअप बसवले, आवाज धड इकडचा ना तिकडचा झाला, लोकांनी घेतली नाही. 1958 आणि 1959 मध्ये मिळून जेमतेम 302 बनवल्या आणि विषय बंद.

तर एकीकडे 45 कोटी आणि दुसरीकडे वरातीची सुपारी. पण दोन्ही वाद्यं उघडली तर आत एकच गोष्ट सापडते.

पिकअप म्हणजे नेमकं काय?

एक चुंबक घ्या. त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळा. त्याच्यावर थोड्या अंतराने लोखंडाची किंवा पोलादाची तार ताणून बसवा आणि छेडा. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत अगदी थोडी वीज तयार होते. मायकल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व आहे हे, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं. ही वीज अॅम्प्लिफायरने वाढवायची आणि स्पीकरला द्यायची. झालं इलेक्ट्रिक वाद्य.

यात माइक कुठेच नाही. पिकअप हवेतला आवाज पकडत नाही, तो थेट तारेची हालचाल पकडतो. म्हणून शेजारी चार ताशे बडवले तरी बेंजोच्या लाईनमध्ये ताशा फारसा शिरत नाही. आणि म्हणूनच तार पोलादाची लागते. नायलॉनची तार लावली तर पिकअपला ती दिसतच नाही.

कोबेनच्या गिटारीत हेच होतं, बेंजोतही हेच असतं.

पहिली इलेक्ट्रिक गिटार आडवी होती

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की डोळ्यासमोर येतो गळ्यात पट्टा अडकवून स्टेजवर उड्या मारणारा माणूस. पण बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. 1932 मध्ये अमेरिकेत रिकेनबॅकरने ती विकायला काढली. जॉर्ज बोशां हा तिचा कर्ता. गोल अंग आणि लांब दांडा, त्यामुळे लोकांनी तिला नाव दिलं ‘फ्राइंग पॅन’. म्हणजे तवाच! ही हवाईयन पद्धतीची गिटार. तारांवरून पोलादी कांडी सरकवायची आणि सूर लांबवत न्यायचा.

ही आडवी गिटार भारतात चांगलीच रुजली. हवाईचे वादक ताऊ मो 1940 च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले आणि तिथे त्यांनी हे वाद्य शिकवलं. त्याला कारणही होतं. आपल्या संगीतात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, महत्त्वाची. पियानोवर मींड निघत नाही, पेटीवर निघत नाही, पण पोलादी कांडीने अगदी सहज निघते. पुढे सिनेमातल्या गाण्यांच्या धून या गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्डी घराघरात गेल्या. हजारा सिंग, सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध ही त्यातली मोठी नावं.

यात वेगळं प्रकरण होतं व्हॅन शिप्ली. मूळचे लखनौचे, कारकीर्द मुंबईत. बाजारात मिळणाऱ्या गिटारीने त्यांचं भागेना, तेव्हा त्यांनी स्वतःच आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार आखली. पुण्याचे अॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासोबत त्यांनी भरपूर कार्यक्रम केले. 2008 मध्ये शिप्ली गेले. ‘विचित्र जुनी इलेक्ट्रिक गिटार’ या विषयावर भारतातून एकच उदाहरण द्यायचं झालं तर ते शिप्लींच्या गिटारचं द्यावं लागेल.

तेव्हा परदेशी गिटार मागवणं सोपं नव्हतं. 1991 च्या आधी आयातीवर बंधनं आणि भरमसाट कर. जहाजावर नोकरी करणारा कुणी गोवेकर आणेल, किंवा एखादा परदेशी पाहुणा जाताना विकून जाईल, अशी परिस्थिती. बाकीच्यांसाठी कोलकात्याची गिवसन आणि हॉबनर होती. नावं वाचून गिब्सन आणि होनर आठवलं असेल तर तो योगायोग नाही.

बेंजो आला जपानमधून

बेंजो या नावाने फसू नका. अमेरिकेत बँजो नावाचं जे वाद्य आहे ते गोल असतं, त्यावर डफासारखं कातडं असतं आणि त्याची मुळं आफ्रिकेत आहेत. आपल्या बेंजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही.

आपला बेंजो जपानचा. 1912 मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने ‘ताइशोगोतो’ हे वाद्य बनवलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला, त्यावरून हे नाव पडलं. कल्पना टाइपरायटरवरून सुचली असं सांगतात, आणि बटणं बघितली की पटतंही. तारेवर बोट नेमकं कुठे ठेवायचं हे शिकायला महिने जातात. इथे बटण दाबलं की खालची पट्टी तारेला बरोबर जागेवर दाबते. ज्याला गाणं ऐकून पेटीवर काढता येतं, तो हे वाद्य लवकर उचलतो.

स्वस्त, हलकं आणि शिकायला सोपं, त्यामुळे ते जपानच्या बाहेर सुसाट गेलं. भारतात त्याला सुंदर नाव मिळालं: बुलबुल तरंग. बलुचिस्तानात ते आकाराने मोठं झालं आणि ‘बेंजू’ म्हणून तिथल्या लोकसंगीताचं मुख्य वाद्य बनलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तारब संगीतात शिरलं, इंडोनेशियाच्या बेटांवरही पोचलं. एवढा प्रवास केलेल्या वाद्याला आपण ‘लग्नात वाजतं ते’ एवढंच ओळखतो.

महाराष्ट्रात त्याने आणखी एक पाऊल टाकलं. तारांखाली पिकअप बसला, पेटीला वायर जोडली गेली आणि बुलबुल तरंग रस्त्यावर आला. घरात बसून वाजवायच्या नाजूक वाद्याचं मिरवणुकीचं वाद्य झालं. ब्रास बँडला फुंकणारी पाच-सहा माणसं लागतात आणि तासाभरात त्यांचा दम जातो. बेंजोवर एकटा माणूस सगळी धून ओढतो. लग्नं, गणपती, दुर्गादेवी, 14 एप्रिल, सगळीकडे बेंजो पार्टी दिसू लागली.

सिनेमावाल्यांचंही लक्ष गेलं. रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, सप्टेंबर 2016 मध्ये तो आला. नायक रितेश देशमुख, म्हणजे आपल्या लातूरचाच माणूस. सिनेमा फार चालला नाही, पण या वाद्याचं नाव पोस्टरवर तरी आलं.

तो फाटका आवाज

बेंजोला नावं ठेवणारे एक गोष्ट हमखास म्हणतात: आवाज फाटतो. खरं आहे, फाटतो. भोंग्याला खालचे सूर झेपत नाहीत, अॅम्प्लिफायर पूर्ण पिळलेला असतो, मग लाट वरून-खालून कापली जाते आणि सूर करकरीत होतो. इंग्रजीत याला डिस्टॉर्शन म्हणतात.

पण रॉकवाल्यांनी याच आवाजासाठी जिवाचं रान केलं. 1958 मध्ये लिंक रे या गिटारवादकाने हवा तो खरखरीत आवाज मिळेना म्हणून स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. द किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकर फाडला, आणि 1964 च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या हिट गाण्यात तोच आवाज आहे. आज त्या आवाजाची नक्कल करणाऱ्या छोट्या डब्या, म्हणजे पेडल, हजारो रुपयांना मिळतात. आपल्या वरातीत तो फुकट मिळतो.

बेंजोच्या मर्यादाही आहेत. धुनेच्या तारा एकाच सुरात लावलेल्या असतात आणि एक बटण सगळ्यांना एकदम दाबतं, त्यामुळे गिटारसारखे कॉर्ड निघत नाहीत. मींड जवळपास नाहीच. तार एकदा छेडली की आवाज लगेच विरतो, म्हणून वादक उजव्या हाताने तार सतत, भराभर छेडत राहतो. बेंजोची ती थरथरती ओळख याच मर्यादेतून आली.

बेढब गिटारींना इतका भाव का?

आता संग्राहकांकडे वळू. जुनी इलेक्ट्रिक गिटार जमवणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्यांना नामांकित माल हवा: 1950 च्या दशकातली फेंडर, गिब्सनची लेस पॉल. हा श्रीमंतांचा खेळ. दुसऱ्यांना हवी असते बेढब, विसरलेली, एकेकाळी लोकांनी हसून सोडून दिलेली गिटार. खरी मजा या दुसऱ्या गटात आहे.

डॅनइलेक्ट्रो कंपनीचं घ्या. अंग चक्क हार्डबोर्डचं, ज्याचे कपाटाला मागचे पत्रे लावतात तसलं. पिकअप झाकायला लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या. हीच कंपनी सियर्स या दुकानासाठी सिल्व्हरटोन नावाने गिटारी बनवायची, आणि 1960 च्या दशकातल्या एका मॉडेलमध्ये गिटारच्या पेटीतच अॅम्प्लिफायर आणि स्पीकर होता. पेटी उघडा, उभी करा, वायर लावा, वाजवा. गरीब घरातल्या मुलांची पहिली गिटार. लेड झेपेलिनचा जिमी पेजसुद्धा डॅनइलेक्ट्रो वाजवायचा.

किंवा जपानचं घ्या. 1965 मध्ये द व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानमध्ये दौऱ्यावर आला आणि तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं. या लाटेला तिकडे ‘एलेकी’ म्हणतात. मागणी इतकी की कारखाने धडाधड सुरू झाले. टेस्को या कंपनीने तर चार-चार पिकअप, रंगीत बटणांची रांग आणि चित्रविचित्र आकार असलेल्या गिटारी काढल्या. लाट ओसरली, 1967 मध्ये टेस्को कावाई कंपनीने घेतली. त्या गिटारींना तेव्हा कचरा म्हणायचे. आता लोक त्या शोधत फिरतात.

गिब्सनची फ्लाइंग व्ही सुद्धा अशीच. बाणासारखा आकार, 1958 मध्ये आली, दुकानदारांनी तोंड फिरवलं. पहिल्या दोन वर्षांत शंभरही बनल्या नाहीत. आज त्या मूळ गिटारी जगातल्या सगळ्यात महाग गिटारींत मोजल्या जातात.

भाव येण्यामागे साधं गणित आहे. स्वस्त वस्तू कुणी जपत नाही, ती तुटते, फेकली जाते. मग उरतात थोड्या. आणि तिचा आवाज दुसऱ्या कशातूनच येत नाही, कारण तसं ‘चुकीचं’ वाद्य पुन्हा कुणी बनवत नाही. व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइटने 1960 च्या दशकातली एअरलाइन नावाची फायबरची लाल गिटार वाजवली, आणि ज्या गिटारीकडे कुणी बघत नव्हतं तिच्या नव्या प्रतिकृती बाजारात आल्या.

घरी बनवलेल्या गिटारीचाही मान मोठा आहे. क्वीनच्या ब्रायन मेने वडिलांसोबत 1963 पासून स्वतःची गिटार बनवायला घेतली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, पट्टीवरचे ठिपके शर्टाच्या शिंपल्याच्या बटणांचे. तीच गिटार तो आजही वाजवतो. (त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला आणि 1958 मध्ये त्याचा पहिला बँड तिथल्या शाळेतच जमला.)

हे वाचून हिंगोलीतल्या बेंजोवाल्याला नवल वाटणार नाही. बटण सैल झालं की बदलायचं, घोडी झिजली की नवी घासून बसवायची, पिकअप दुसऱ्याच वाद्यातून काढून लावायचा, हा त्याचा रोजचा उद्योग. त्यामुळे दोन जुने बेंजो अगदी सारखे सहसा नसतात. पण टेस्को आणि डॅनइलेक्ट्रोला जसा बाजार मिळाला, तसा बेंजोला मिळालेला नाही. जुना झाला की तो माळ्यावर जातो, नाहीतर भंगारात.

बेंजो मागे का पडतोय?

पहिलं कारण कीबोर्ड. त्यात बेंजोसारखा आवाज एका बटणावर मिळतो, शिवाय बासरी आणि सनईही मिळते. सूर लावायची कटकट नाही. ही कटकट मराठवाड्यात साधी नसते. मे महिन्याच्या उन्हात पोलादी तारा तापून लांबतात आणि सूर खाली उतरतो. दुपारच्या लग्नात वादकाला दर दोन गाण्यांनी खुंट्या पिळाव्या लागतात.

दुसरं कारण डीजे. पेन ड्राइव्ह लावला की मूळ गाणंच वाजतं, मग धून वाजवणारा माणूस कशाला? 2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे लग्नसराई बुडाली, तेव्हा आधीच अडचणीत असलेल्या वाजंत्र्यांचं कंबरडं मोडलं.

तिसरं कारण आवाजाचे नियम. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. नियम बरोबरच आहेत, हृदयविकाराच्या पेशंटला आणि तान्ह्या बाळाला त्याची गरज आहे. पण कायद्याच्या भाषेत स्पीकर तो स्पीकर. छाती हादरवणारी डीजेची भिंत आणि दोन भोंग्यांचा बेंजो एकाच नियमाखाली येतात.

घरात जुना बेंजो किंवा गिटार असेल तर

आधी तारा थोड्या सैल करा. वर्षानुवर्षं ताणलेल्या तारांनी लाकूड वाकतं.

पॉलिश करू नका, रंग तर अजिबात नको. जुन्या वाद्याचा मूळ रंग खरवडला की संग्राहकाच्या नजरेत त्याची किंमत उतरते. धूळ सुक्या मऊ कापडाने पुसा, एवढं पुरे.

आवाज येत नसेल तर लगेच पिकअप फेकू नका. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना लावा. बहुतेक पिकअप काही हजार ओहम दाखवतात. काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटली आहे. ती पुन्हा गुंडाळता येते, फक्त पंख्याची मोटार भरणाऱ्याकडे असते त्याहून ती कितीतरी बारीक लागते. आकडा आला तर दोष बहुधा वायर, सॉकेट किंवा व्हॉल्यूमच्या बटणात असतो, आणि तो शंभर-दोनशे रुपयांत निघतो.

तारा बदलताना इलेक्ट्रिक गिटारच्याच घ्या. साध्या गिटारच्या जाड तारांवर पितळी रंगाची गुंडाळी असते, तिला चुंबक नीट धरत नाही आणि आवाज कमी-जास्त येतो.

परदेशातून आलेला जुना अॅम्प्लिफायर मिळाला तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेचा 110 ते 120 व्होल्टवर चालतो आणि आपल्याकडे 230 येतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. अनेक जुन्या मॉडेलना अर्थिंगची तिसरी पिन नसते, त्यामुळे आधी जाणकार मेकॅनिकला दाखवा. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

आणि बेंजो वाजवणारे कुणी आजोबा, काका गावात असतील तर मोबाईल आडवा धरा आणि त्यांचे दोन्ही हात दिसतील असा व्हिडिओ काढा. गाणं कुठलंही चालेल. वाद्य कुणी बनवलं, पिकअप कुठून आणला, तारा कोणत्या सुरात लावतात, हे त्यांनाच विचारून त्यातच रेकॉर्ड करा. पेटीच्या आत कुठे पेन्सिलीने नाव किंवा तारीख लिहिलेली असेल तर तिचा फोटो वेगळा घ्या, कारण दुरुस्तीत सगळ्यात आधी तेच पुसलं जातं.